माळावरचे शेजारी

इशाची नमाज झाली, जेवणे उरकली, की आमच्या घरात अर्धा-पाऊण तास टीव्हीवर प्राण्यांचा कार्यक्रम लागतो. मोबाइलपेक्षा हे बरे, म्हणून आम्हीच ही सवय लावली. त्या रात्री आफ्रिकेतले सेरेंगेटीचे गवताळ मैदान दाखवत होते. लाखो विल्डबीस्ट धुरळा उडवत चालले होते. मध्येच तपकिरी पाठीची, कुशीवर काळा पट्टा असलेली छोटी हरणे उसळ्या मारत पळाली आणि त्यांच्यामागे चित्ता सुटला. घरात सगळे श्वास रोखून पाहत होते. हरिण निसटले तेव्हा दादीअम्मांच्या तोंडून "अल्हम्दुलिल्लाह!" निघाले आणि सगळे हसले.

धाकटीने मग विचारले, "अब्बू, आपल्याकडे असं काही का नाही?"

प्रश्न साधा होता, पण उत्तर देताना आम्हालाच थोडी लाज वाटली. आम्ही राहतो विंचूरला. आमच्याकडे कांद्याचे लिलाव, द्राक्षाच्या बागा, पालखेडच्या कालव्याचे पाणी आणि रस्त्यावर ट्रॅक्टरची रांग. पण इथून येवल्याला जावे, विंचूर चौफुली ओलांडून ईशान्येला राजापूरच्या बाजूने निघावे, की तासा-सव्वा तासात ममदापूरचा माळ लागतो. तिथे काळविटांचे कळप मोकळे फिरतात. मुलांच्या मामूंची शेती त्याच भागात आहे. इतक्या वर्षांत आम्ही तिकडे लग्नाला गेलो, मय्यतीला गेलो, ईद मिलायला गेलो. काळवीट पाहायला म्हणून एकदाही गेलो नव्हतो. सेरेंगेटी घरात पाहिले आणि शेजारचा माळ पाहायचा राहून गेला.

दिवाळीची सुट्टी लागली आणि आम्ही जायचे ठरवले.

हरिण म्हणजे नेमके कोण?

निघण्याआधी मुलांनी वहीत प्रश्न लिहून काढले होते. पहिलाच प्रश्न होता, "टीव्हीवरची आफ्रिकेची हरणं आणि आपला काळवीट एकच का?"

मराठीत आपण सगळ्यांनाच हरिण म्हणून मोकळे होतो. जाणकार मात्र त्यांचे दोन गट करतात. चितळ आणि सांबर हे सारंग. त्यांच्या नरांच्या शिंगांना फांद्या फुटतात, ती शिंगे भरीव हाडाची असतात, दरवर्षी गळून पडतात आणि पुन्हा नवी येतात. दुसरा गट कुरंगांचा. त्यांच्या शिंगांना फांद्या नसतात. आत हाडाचा गाभा आणि वर आपल्या नखांसारख्या पदार्थाचे टणक आवरण असते. ही शिंगे जन्मभर टिकतात. एकदा मोडली तर पुन्हा उगवत नाहीत. काळवीट, चिंकारा, चौशिंगा आणि नीलगाय हे आपल्याकडचे कुरंग. आफ्रिकेच्या मैदानात दिसणारी जवळजवळ सगळी 'हरणे' कुरंगच आहेत.

गंमत अशी की कुरंगांचे कूळ चितळ-सांबराचे नसून गाय-बैल, शेळी-मेंढीचे आहे. हे मुलांना समजावायला पुस्तकाची गरज पडली नाही. बकरी ईदच्या आधी पंधरा दिवस बकरा घरात असतो, मुले त्याला हाताने पाला भरवतात. त्याचे दुभंगलेले खूर, दुपारी डोळे अर्धे मिटून चाललेले रवंथ आणि वरच्या जबड्यात पुढचे दात नसणे हे सगळे त्यांनी पाहिलेले असते. काळविटाचेही तसेच आणि सेरेंगेटीच्या विल्डबीस्टचेही तसेच.

जगात कुरंगांच्या नव्वदच्या आसपास जाती आहेत आणि त्यातल्या बहुतेक आफ्रिकेत. पश्चिम आफ्रिकेच्या जंगलातला रॉयल अँटिलोप खांद्यापाशी वीतभर उंच आणि दोन-तीन किलो वजनाचा, म्हणजे आपल्या कोंबड्याएवढा. दुसऱ्या टोकाला ईलँड. त्याचा मोठा नर नऊशे किलोंपर्यंत भरतो. जेरेनुक नावाचा लांब मानेचा कुरंग मागच्या दोन पायांवर सरळ उभा राहून काटेरी झाडाचा पाला खातो. आपली शेळी बाभळीला पुढचे पाय लावते, हा आधार न घेताही उभा राहतो. इंपाला एका उडीत दहा मीटरपर्यंत अंतर कापतो. आणि कतारला नोकरी करणाऱ्या नातलगाला सोडायला जो कोणी विमानतळावर गेला असेल, त्याने एक कुरंग विमानाच्या शेपटीवर पाहिलेला आहे. तो ऑरिक्स, अरबीत 'महा'. अरबस्तानातला हा पांढरा ऑरिक्स शिकारीपायी १९७२ पर्यंत रानातून संपला होता. प्राणिसंग्रहालयांत जपलेल्या मोजक्या जनावरांपासून त्याची वीण वाढवली आणि १९८२ मध्ये ओमानच्या वाळवंटात तो पुन्हा सोडला.

आपल्या घरांतही हा प्राणी नावाने वावरतो. प्रत्येक मोहल्ल्यात एखादी गझाला असतेच. अरबी 'गझाल' म्हणजे हरिण आणि त्याच शब्दावरून इंग्रजीचे 'गॅझेल' आले. टीव्हीवर चित्त्यापुढे पळणारे ते छोटे हरिण म्हणजे थॉमसन्स गॅझेल. आमचा काळवीट या गॅझेलांचा जवळचा भाऊबंद. इतकेच नाही, 'अँटिलोप' हे शास्त्रीय प्रजातीनाव आज एकट्या काळविटाच्या वाट्याला आहे. आफ्रिकेकडे एवढे कुरंग असूनही हे नाव मिळाले ते आपल्या माळावरच्या जनावराला.

माळावर पहाट

फजरची नमाज पढून आम्ही विंचूर सोडले. येवला मागे पडले तसा मुलुख बदलू लागला. हिरवी बागायत विरळ झाली. मका काढलेली शेते, बाजरीची धसकटे, बांधावर हिवर आणि बोरी. हा पर्जन्यछायेचा भाग. पाऊस कमी, उन्हाळ्यात पाण्याचे टँकर आणि जमीन हलकी. पण ज्या जमिनीवर माणूस 'पडीक' असा शेरा मारतो, ती कुसळी गवताची जमीन काळविटाला सगळ्यात प्यारी. त्याला दाट जंगल नको असते. त्याला हवी लांबवर नजर जाईल अशी मोकळी जागा. ममदापूर, राजापूर, देवदरी, खरवंडी, सोमठाण जोश या गावांच्या शिवारातला सुमारे ५४ चौरस किलोमीटरचा पट्टा सरकारने काळविटांसाठी संवर्धन राखीव म्हणून जाहीर केला आहे.

मामू रस्त्यावर वाट पाहत होते. गाडीत बसतानाच त्यांनी मुलांना सांगितले, "बेटा, आता आवाज नाही. दार आपटायचं नाही, खाली उतरायचं नाही. त्याला आपण दिसण्याआधी आपला आवाज पोचतो."

पाच-दहा मिनिटे काहीच दिसले नाही. मग मोठ्याने बोट दाखवले. पिवळ्या गवतात पिवळसर तपकिरी पाठी हलत होत्या. पंचवीस-तीस तरी असतील. बहुतेक माद्या, बिनशिंगाच्या, आणि त्यांच्यात दोन-तीन अर्धवट वाढलेली पिल्ले. थोड्या अंतरावर एकटा उभा होता तो नर.

चित्रात पाहणे वेगळे आणि सकाळच्या तिरप्या उन्हात पाहणे वेगळे. वरचे अंग काळेभोर, पोट आणि पायांची आतली बाजू पांढरीशुभ्र. जणू कोणी रेघ आखून रंग भरला होता. डोळ्यांभोवती पांढरी कडी, हनुवटी पांढरी. डोक्यावर मळसूत्रासारखी पीळ घेत गेलेली, कड्याकड्यांची दोन शिंगे. पूर्ण वाढलेल्या नराची शिंगे दीड-दोन फूट, क्वचित त्याहून लांब भरतात. अंगाने मात्र तो लहानखुरा, खांद्यापाशी अडीच फुटांच्या आसपास आणि वजनाला मोठ्या बोकडाएवढा.

"हे सगळे काळे का नाहीत?" धाकटी कुजबुजली.

काळवीट जन्मतः काळा नसतो. नर आणि मादी दोघेही पिवळसर तपकिरी रंग घेऊन येतात. नर वाढू लागला की रंग गडद होत जातो आणि पूर्ण वयात, विशेषतः माजाच्या दिवसांत, तो काळा दिसतो. रंगावरूनच इतर नरांना आणि माद्यांना कळते की हा आता वयात आला आहे. आफ्रिकेत इंपालाच्या नराला शिंगे असतात, मादीला नसतात, पण रंगाने दोघे सारखेच. विल्डबीस्ट आणि ऑरिक्स यांच्यात तर माद्यांनाही शिंगे. नर-मादीच्या रंगात इतका ठसठशीत फरक फार थोड्या कुरंगांत दिसतो.

राजासारखी चाल

आमच्यासमोरचा नर मग चालू लागला आणि मामूंनी हळूच सांगितले, "आता बघा."

त्याने नाक आकाशाकडे उचलले. शिंगे मागे पाठीवर टेकल्यासारखी झाली, कान खाली गेले आणि ताठ पायांनी एकेक पाऊल टाकत तो माद्यांच्या भोवती फिरला. मधूनच घशातून घुर्र असा आवाज. पलीकडून दुसरा, थोडा कमी काळा नर पुढे सरकला, तसा हा त्याच्या दिशेने वळला. दोघे समोरासमोर थांबले. आम्हाला वाटले आता झुंज होणार. पण धाकट्याने मान खाली घातली, बाजूला वळला आणि चरत असल्याचे सोंग करीत निघून गेला.

हे केवळ सोंग नव्हे. शिंगे ही जीव घेणारी शस्त्रे आहेत आणि दोन्ही नरांना ते ठाऊक असते. त्यामुळे बहुतेक भांडणे चालीवर, रंगावर आणि ऐटीवरच मिटतात. नाहीच मिटले तर शिंगात शिंगे अडकवून रेटारेटी होते आणि जो मागे हटतो तो मैदान सोडतो. माजाच्या दिवसांत मोठा नर माळाचा एक तुकडा आपला मानतो. ठरावीक ठिकाणी लेंड्यांचा ढीग करून आणि डोळ्यांपुढच्या ग्रंथीतला स्राव काडीला लावून तो हद्द दाखवतो. आफ्रिकेतला इवलासा डिकडिकही तेच करतो. डोळ्यांपुढची ग्रंथी गवताच्या टोकाला घासून काळा ठिपका ठेवतो. हजारो किलोमीटरवरची दोन जनावरे, पण बांध घालायची रीत एकच.

काळवीट जिथे फार संख्येने आहेत तिथे, उदाहरणार्थ गुजरातच्या वेळावदरच्या गवताळ मैदानात, अनेक नर जवळजवळ छोटे छोटे तुकडे धरून उभे राहतात आणि माद्या त्यांच्यातून फिरून जोडीदार निवडतात. युगांडाचा कोब आणि पूर्व आफ्रिकेचा टोपी यांच्यातही अशीच जत्रा भरते. या मेळ्यात निवड मादीची असते. नराने कितीही मिरवले तरी शेवटचा शब्द तिचा.

ज्या नरांना अजून जमिनीचा तुकडा मिळालेला नाही, ते तरुण नर वेगळा कळप करून राहतात. मामू म्हणाले, "ते बघा, ते तिकडे बिनलग्नाचे." मुलांना हे इतके आवडले की परतीच्या वाटेवर त्यांनी चुलत भावालाही त्याच कळपात घातले.

उडी कशासाठी?

तेवढ्यात एका मोटारसायकलचा आवाज आला. कळपातली एक मादी जागच्या जागी उसळली, चारही पाय एकदम हवेत. तिच्यामागे दुसरी, मग तिसरी, आणि बघता बघता सगळा कळप उसळ्या मारत निघाला. थोड्या उड्यांनंतर उड्या थांबल्या आणि सरळ धाव सुरू झाली. काळवीट ताशी ऐंशी किलोमीटरच्या आसपास वेग गाठू शकतो. आमच्या डोळ्यांदेखत माळ रिकामा झाला.

टीव्हीवरच्या गॅझेलही अशाच उसळत होत्या. दक्षिण आफ्रिकेच्या स्प्रिंगबॉकचे तर नावच उडीवरून पडले आहे. पळायची घाई असताना उंच उडी मारण्यात वेळ का घालवायचा? अभ्यासकांनी आफ्रिकेत रानकुत्रे आणि थॉमसन्स गॅझेल यांच्यावर बारीक लक्ष ठेवले. तेव्हा दिसले, की रानकुत्रे पाठलागासाठी कमी उसळणारी जनावरे निवडतात. म्हणजे उडी हा निरोप आहे : 'मी धडधाकट आहे, माझ्यामागे लागून दमू नकोस.' शिवाय एकाची उडी सगळ्या कळपाला धोक्याची खबर देते.

पण काळविटाला इतका वेग आला कुठून? आज आपल्या माळावर त्याचा मुख्य शत्रू लांडगा. त्याच्यापुढे एवढी दौड लागत नाही. याचे उत्तर अभ्यासक इतिहासात शोधतात. भारताच्या माळावर एकेकाळी चित्ता होता आणि काळवीट हे त्याचे आवडते भक्ष्य. बादशहा अकबराकडे हजार पाळीव चित्ते असल्याचे जहांगीरने लिहून ठेवले आहे. त्यांच्याकडून काळविटाची शिकार करवून घेत. पुढे आपल्याकडचे चित्ते इतके कमी झाले की कोल्हापूर संस्थानात काळविटाच्या शिकारीसाठी आफ्रिकेतून चित्ते आणावे लागले. भारतातले शेवटचे तीन चित्ते १९४७ मध्ये मारले गेल्याची नोंद आहे आणि १९५२ मध्ये तो नामशेष झाल्याचे जाहीर झाले. १७ सप्टेंबर २०२२ रोजी नामिबियातून आठ चित्ते मध्य प्रदेशातील कुनोला आणले. मधल्या पाऊणशे वर्षांत चित्ता नव्हता, पण काळविटाच्या पायांतली त्याची आठवण काही गेली नाही.

एका हरणाचा मिनार

या शिकारीच्या गोष्टी ऐकताना मोठ्याने विचारले, "मुघलांनी फक्त शिकारच केली का?"

त्यावर आम्ही त्याला हिरण मिनारची हकीकत सांगितली. जहांगीरचा मनसराज नावाचा एक पाळलेला काळवीट होता. तो मेला तेव्हा बादशहाने लाहोरजवळ, आजच्या शेखूपुऱ्यात, त्याच्या कबरीवर हरणाच्या आकाराचा दगड बसवला आणि १६०६ च्या सुमारास तिथे मिनार उभारला. त्या मैदानात कोणी हरणाची शिकार करू नये, असा हुकूम काढला. त्या हरणांचे मांस हिंदूंनी गाईच्या आणि मुसलमानांनी डुकराच्या मांसासारखे निषिद्ध मानावे, असे त्याने बजावले. शिकारीचा एवढा शौकीन बादशहा एका मुक्या जनावराच्या जाण्याने हलला.

मिनार आजही उभा आहे. पण ज्या पाकिस्तानात तो आहे, तिथल्या मोकळ्या माळावरून रानटी काळवीट नाहीसा झाला. बांगलादेशातही तो उरला नाही. अमेरिकेत जगवलेल्या कळपांतून आणलेले काळवीट पाकिस्तानात आता कुंपणाआड जपावे लागतात. दगडाची आठवण चारशे वर्षे टिकते, कळप मात्र दोन पिढ्यांत संपतो. आपल्याकडे १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने काळविटाला सर्वात वरच्या संरक्षणाच्या यादीत घातले. त्याच्या शिकारीला तीन ते सात वर्षांची कैद आहे. त्यामुळे तो पुन्हा थोडा सावरला. नगर जिल्ह्यातले रेहेकुरी अभयारण्य तर फक्त काळविटासाठी १९८० मध्ये झाले. क्षेत्र जेमतेम सव्वादोन चौरस किलोमीटर, पण त्याने कळप वाचवला.

मामूंची बाजू

उन्हे चढली तसे आम्ही मामूंच्या मळ्यात चहाला गेलो. इतका वेळ कौतुकाने दाखवणारे मामू बांधावर उभे राहिले आणि हरभऱ्याचे वावर दाखवत म्हणाले, "हे पण बघून जा."

नुकत्याच उगवलेल्या हरभऱ्याच्या कितीतरी सऱ्या शेंडे खुडल्यासारख्या झाल्या होत्या. रात्री कळप येऊन गेला होता. "टीव्हीवर छान वाटतं," मामू म्हणाले, "पण बियाण्याचे पैसे मी उसने आणलेले असतात. वनखात्याकडे अर्ज केला की पंचनामा होतो, भरपाई मिळते. पण पीक गेल्यावर रात्री झोप लागत नाही, त्याची भरपाई कुठे मागू?"

आमच्याकडे उत्तर नव्हते. विंचूरहून एक दिवस येऊन कौतुक करणे सोपे असते. शेजारधर्म निभावायचा तो मामूंनी. त्यांनी बांधाला जुन्या साड्या बांधल्या आहेत, रात्री बॅटरी घेऊन ते आणि त्यांचा मुलगा आळीपाळीने जागतात. आजवर कोणी सापळा किंवा विजेची तार लावू म्हटले, तर त्यांनी साफ नकार दिला आहे.

का नकार दिला, ते त्यांनी चहा पिताना सांगितले. काही वर्षांपूर्वी गवत कापताना त्यांना बांधाशी एक पाडस दिसले. अंगाची मुटकुळी करून निपचित पडलेले. आई दिसेना. अनाथ असावे असे समजून त्यांनी ते उचलून घरी आणले. बाटलीने शेळीचे दूध पाजले. घरातल्या मुलांनी त्याला नाव ठेवले, त्याच्याशेजारी अंथरूण टाकले. तिसऱ्या दिवशी ते मेले.

"नंतर वनरक्षकानं समजावलं," मामू म्हणाले, "त्याची आई जवळच असणार होती. माझ्यामुळंच ती पुढं येत नव्हती. दोन दिवस संध्याकाळी एक मादी त्या बांधाला येऊन उभी राहायची. मला वाटायचं चरायला आली."

कुणी काही बोलले नाही. धाकटीने मामूंच्या हातावर हात ठेवला.

वाचकहो, ही गोष्ट आम्ही मुद्दाम लिहीत आहोत, कारण ही चूक चांगल्या मनाची माणसेच करतात. आफ्रिकेच्या मैदानात विल्डबीस्टचे पिल्लू जन्मल्यावर काही मिनिटांत उभे राहते आणि आईमागे पळू लागते. कळप चालता आहे, थांबायला वेळ नाही. काळविटाची रीत निराळी. सुमारे सहा महिन्यांच्या गर्भारपणानंतर मादीला बहुधा एकच पाडस होते. पहिले काही दिवस ती त्याला उंच गवतात लपवते आणि स्वतः दूर चरते, म्हणजे शत्रूची नजर तिकडे जात नाही. दूध पाजायला ती अधूनमधून येते. पाडसाला वास जवळजवळ नसतो आणि ते अजिबात हलत नाही. निपचित पडून राहणे हेच त्याचे संरक्षण. तेव्हा एकटे पाडस दिसले, तर ते टाकून दिलेले नाही, जपून ठेवलेले आहे असे समजावे. हात लावू नये, फोटोसाठी घोळका करू नये, कुत्री बांधून ठेवावीत आणि तिथून निघून जावे. ते जखमी असेल तर मात्र वनखात्याला कळवावे. मोठे काळवीटही पाठलागाने किंवा बांधून ठेवल्याने भीतीनेच दगावू शकते.

पाणी आणि विहीर

आफ्रिकेचा जेरेनुक पाणी न पिता पाल्यातल्या ओलाव्यावर जगू शकतो. वाळवंटातला ऑरिक्सही दीर्घकाळ तहान काढतो. काळविटाला ते जमत नाही. त्याला पाणी लागते. पावसाळा आणि हिवाळा निभावतो. मार्चनंतर माळ करपतो, डबकी आटतात. वनखात्याचे पाणवठे टँकरने भरले जातात, तरी तहानलेले कळप रात्री वस्तीकडे सरकतात. तेव्हाच अपघात होतात. कुणी रस्ता ओलांडताना गाडीखाली सापडतो, कुणावर गावची कुत्री तुटून पडतात, आणि कुणी अंधारात बिनकठड्याच्या विहिरीत कोसळतो.

मामूंची विहीरही अशीच, जमिनीशी सपाट. मुले तिच्याकडे पाहत होती. मोठा म्हणाला, "मामू, इथं तर आपली बकरी पण पडेल."

मामू हसले, पण थोडा वेळ गप्प राहिले. मग म्हणाले, "लाल कांद्याचे पैसे आले की बघू."

परतताना गाडीत आम्ही मुलांशी बोलत होतो. जमिनीवर चालणारे प्राणी आणि पंखांनी उडणारे पक्षी ही तुमच्यासारखीच जमात आहे, असे कुरआन सांगते. इहराम बांधलेल्या हाजीला रानातली शिकार मना आहे. तहानलेल्या कुत्र्याला पाणी पाजणाऱ्याची हदीस तर मुलांना मदरशातून पाठच आहे. पण शेजाऱ्याच्या हक्काचे धडे आपण भिंतीपलीकडच्या माणसापुरते ठेवतो. माळापलीकडचा शेजारी आपल्या हिशोबात नसतो. त्याची जमीन आपण पडीक म्हणतो, नांगरतो, प्लॉट पाडतो, आणि तो शेतात आला की त्यालाच चोर म्हणतो. त्याच वेळी मामूंसारख्या शेतकऱ्याने सगळा भार एकट्याने उचलावा हेही न्यायाचे नाही. शहरातून पाहायला येणाऱ्याने निदान पीक तुडवू नये, पंचनाम्याच्या कागदांत गावाला मदत करावी, पाणवठ्याला हातभार लावावा. प्राण्याला पाणी पाजणे सदका असेल, तर त्याच्यापासून पीक राखणाऱ्या माणसाला आधार देणे हाही सदकाच.

घरी पोचल्यावर धाकटीने वहीत तिच्या प्रश्नाखाली उत्तर लिहिले : 'आपल्याकडे पण आहे. एक तास लागतो.'

गेल्या महिन्यात मामूंचा फोन आला. कांद्याला भाव बेताचाच मिळाला, हे आधी सांगितले. हरभरा अर्धा हाती लागला, हे नंतर. आणि फोन ठेवता ठेवता म्हणाले, "पोरांना सांग, विहिरीला कठडा झाला. कमरेएवढा. बाजूला सिमेंटची एक उथळ कुंडी पण केलीय. सकाळी तिच्याभोवती खुरांच्या खुणा असतात."